मतांचा टक्का आणि विजयाची शक्यता : ७१ म्हणजे नेमकं काय?

९ नोव्हेंबर २०१६. भारतात दुपार होती. डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होणार हे नक्की झालं आणि माझा एक जवळचा मित्र म्हणाला, "हिलरींना ७१ टक्के मिळणार होते ना? मिळाले ४८. तब्बल २३ टक्क्यांनी चुकणाऱ्यांवर विश्वास कोण ठेवणार?"

मित्राचा दिवस हिशेबाच्या वह्यांमध्ये जातो. त्याची वजाबाकी बरोबर होती, पण ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली ते एका जातीचे नव्हते. ४८ हा मतांचा टक्का होता, तर ७१ ही फाइव्हथर्टीएट या निवडणुकांचे अंदाज देणाऱ्या संकेतस्थळाने काढलेली जिंकण्याची शक्यता होती. किलोमधून लिटर वजा करण्यासारखंच हे. तेव्हा मी त्याला पाच मिनिटांत समजावून सांगितलं. २०२० मध्ये बायडन यांच्या ८९वरून तोच गोंधळ पुन्हा ऐकला, २०२४ मध्ये हॅरिस यांच्या ५०वरूनही. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. त्याआधी हे एकदा नीट लिहून ठेवतो.

मतांचा टक्का तुम्हाला ठाऊक आहे. हजारभर लोकांना विचारलं, ४८० जणांनी एक नाव घेतलं, ४५० जणांनी दुसरं, की ४८ विरुद्ध ४५. आघाडी तीनची. एक्झिट पोल म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारणं आणि ओपिनियन पोल म्हणजे त्याआधी विचारणं, यावर वेळ घालवत नाही. अमेरिकेत देशभरातल्या मतांवर निकाल लागत नाही, राज्याराज्यांतले मिळून ५३८ इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, असतात आणि त्यातले २७० लागतात, हेही बहुतेकांना माहीत असतं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि तरी त्या हरल्या, ते याच नियमामुळे. ही गोष्ट लोकांना एकदा सांगितली की कळते. घोटाळा होतो तो शक्यतेपाशी.

क्रिकेटचा सामना डोळ्यांसमोर आणा. पाठलाग करणाऱ्या संघाला ३० चेंडूंत ३० धावा हव्यात, आठ गडी हातात आहेत. पडद्यावर कोपऱ्यात आकडा येतो : जिंकण्याची शक्यता ९० टक्के. हा संघ ९० टक्के धावा करणार, असा अर्थ घराघरात कोणीही काढत नाही. हा संघ ९० धावांनी जिंकणार, असंही कोणी म्हणत नाही. धावफलक वेगळा आणि शक्यता वेगळी, हे तिथे न शिकवता कळतं. निवडणुकीत मात्र दोन्ही आकड्यांना टक्क्याचं तेच चिन्ह असतं, दोन्ही शंभरातले असतात, दोन्हींमागे उमेदवाराचं नाव असतं, आणि मराठी बातम्यांत दोन्हींना 'अंदाज' हा एकच शब्द वापरतात. गल्लत होण्याचं कारण निम्मं इथेच आहे. मी स्वतः मतांच्या आघाडीला 'पॉइंट' म्हणतो आणि शक्यता 'शंभरात इतक्या वेळा' अशी सांगतो. ७१ टक्के शक्यता म्हणजे अशी स्थिती शंभर वेळा आली, तर त्यातल्या २९ वेळा दुसरा जिंकेल. दोन नाणी उडवून दोन्ही छापे पडणं याहून दुर्मीळ आहे : शंभरात २५ वेळा. तसं झालं तर कोणी डोळे विस्फारत नाही.

आता पहिल्या आकड्यातून दुसरा कसा निघतो ते पाहू. सगळी किल्ली इथे आहे.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी एखाद्या राज्यात सगळ्या चाचण्यांची सरासरी एका उमेदवाराला ३ पॉइंट पुढे दाखवते असं धरा. पहिला प्रश्न : अशा सरासऱ्या आजवर किती चुकत आल्या आहेत? देशपातळीवरचं पाहा. २०१२ मध्ये ओबामा जेमतेम १ पॉइंट पुढे दिसत होते, जिंकले जवळपास ४ने. २०२० मध्ये बायडन सुमारे ८ने पुढे दिसत होते, जिंकले साडेचारने. २०२४ मध्ये हॅरिस एखाद्या पॉइंटने पुढे दिसत होत्या, ट्रम्प दीडने पुढे निघाले. तीन-चार पॉइंट इकडे-तिकडे होणं नित्याचं आहे. एकेका राज्यात चूक त्याहून मोठी असते, कारण तिथे चाचण्या कमी होतात.

हिशेबापुरती नेहमीची चूक ४ पॉइंट धरू आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच होऊ शकते असं मानू. आघाडी शून्य असेल तर शक्यता ५०. आघाडी १ पॉइंट असेल तर साधारण ६०. आघाडी ३ असेल तर ७७. आघाडी ८ असेल तर ९८च्या आसपास. ३ पॉइंटची आघाडी म्हणजे ५१.५ विरुद्ध ४८.५ अशी घासून चाललेली लढत, आणि शक्यता मात्र चारातल्या तीन वेळा. मतांत किंचित फरक आणि शक्यतेत केवढा तरी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. म्हणूनच '७७ टक्के' ऐकून एकतर्फी लढत समजणं चूक आहे.

उलट बाजूने होणारी चूकही तितकीच वाईट, आणि मला तिचा जास्त राग येतो, कारण ती शहाणपणाचा आव आणून केली जाते. चाचणीखाली छापलेलं असतं : चुकीची मर्यादा अधिक-उणे ३. लगेच कोणीतरी म्हणतं, 'आघाडी मर्यादेच्या आत आहे, म्हणजे बरोबरीच.' अजिबात नाही. आघाडी ३ असणं आणि आघाडी शून्य असणं यांत ७७ आणि ५० इतका फरक आहे, हे आत्ताच पाहिलं. शिवाय तो ३चा आकडा एकेका उमेदवाराच्या टक्क्याला लागू असतो. एकाचं वाढलं की बहुधा दुसऱ्याचं घटतं, त्यामुळे दोघांतल्या अंतराला लावायची मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. आणि तीही फक्त नमुना निवडताना योगायोगाने होणाऱ्या चुकीची. फोन कोण उचलतं, कोण उचलत नाही, प्रत्यक्ष मतदानाला कोण जातं, यातली चूक त्यात धरलेलीच नसते. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती. इतक्या मोठ्या नमुन्यात योगायोगाची चूक नगण्य. तरी त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हटलं आणि रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. उत्तर पाठवणारी माणसं आणि मत देणारी माणसं वेगळी होती.

वेळ हा आणखी एक घटक. ३० चेंडूंत ३० धावा आणि ६ चेंडूंत ३० धावा यांत धावा त्याच, शक्यता वेगळी. १९८८च्या जुलैमध्ये, पक्षाच्या अधिवेशनानंतर, डेमोक्रॅट उमेदवार मायकल डुकाकिस १७ पॉइंटने पुढे होते. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज बुश जवळपास ८ पॉइंटने जिंकले. जुलैतली १७ पॉइंटची आघाडी नोव्हेंबरातल्या १७सारखी वाचली, तर शक्यता जवळजवळ शंभर येईल. ज्याच्या हिशेबात उरलेले महिने नाहीत, त्याच्या टक्क्याला अर्थ नाही.

आता २०१६कडे परत. कारण तिथे एक गोष्ट अशी घडली की जिच्यावरून शक्यतेचा आकडा चांगला की वाईट हे ओळखता येतं. चाचण्या सगळ्यांच्या हाती त्याच होत्या. तरी फाइव्हथर्टीएटने हिलरींना ७१ दिले, न्यूयॉर्क टाइम्सने ८५, हफिंग्टन पोस्टने ९८, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या सॅम वाँग यांनी ९९हून जास्त. एकाच कच्च्या मालातून ७१ही निघाले आणि ९९ही. असं का झालं?

मोठा फरक होता तो राज्याराज्यांतल्या चुका एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत हे मानण्यात. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन घ्या. तिन्हींत हिलरी पुढे होत्या. समजा प्रत्येक राज्यात ट्रम्प यांना पाचातली एक संधी होती. तिन्ही राज्यांचे निकाल तीन वेगळ्या फाशांसारखे असतील तर तिन्ही एकदम ट्रम्पकडे जाण्याची शक्यता पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५ मध्ये एक. एक टक्क्याहूनही कमी. पण तिथे फासा एकच असेल तर? एका राज्यात चाचणी ज्या कारणाने चुकली त्याच कारणाने शेजारच्या दोन्हीतही चुकणार असेल, तर शक्यता पाचात एकच्या जवळ जाते. १२५ मध्ये एक आणि ५ मध्ये एक. ९९ आणि ७१ यांच्यातलं अंतर मुख्यतः इथून येतं.

आणि कारण खरोखरच एक होतं. पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांचा कल ट्रम्पकडे झुकला होता, चाचण्यांना उत्तर देणाऱ्यांत पदवीधर जास्त असतात, आणि राज्यपातळीवर चाचण्या करणाऱ्या अनेक संस्थांनी शिक्षणानुसार आकडे जुळवून घेतले नव्हते. शिवाय उशिरा मन ठरवणाऱ्यांपैकी बरेच या राज्यांत ट्रम्पकडे गेले. तिन्ही राज्यांत तशाच मतदारांचं प्रमाण मोठं, म्हणून चूकही तिन्हीत एकाच दिशेला. मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. मिळून ७८ हजारांहून कमी मतं आणि ४६ इलेक्टर. ते ४६ गेले नसते तर ट्रम्प २७०पर्यंत पोहोचत नव्हते.

२०२४ मध्येही हेच दिसलं, आणि त्या वेळी फार थोड्यांनी ते ओळखलं. फाइव्हथर्टीएटचे संस्थापक नेट सिल्व्हर यांनी संगणकावर ८०,००० वेळा निवडणूक चालवून पाहिली, त्यात हॅरिस ४०,०१२ वेळा जिंकल्या. इतकं समसमान. यावरून बहुतेकांनी निकालही काठावरचा असेल असं धरलं : चार राज्यं इकडे, तीन तिकडे. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना, नेव्हाडा अशी सातही अटीतटीची राज्यं ट्रम्पकडे गेली, ३१२ विरुद्ध २२६. '५०-५०' हे कोण जिंकेल याबद्दलच्या आपल्या अज्ञानाचं माप होतं. किती फरकाने जिंकेल हे त्यात सांगितलेलं नव्हतं. चुका एकत्र सरकत असतील, तर सातही एका बाजूला जाणं हे चार-तीनपेक्षा नवल नाही.

'मग ७१ हा आकडा बरोबर होता की चूक?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि रास्त आहे. एका निवडणुकीवरून त्याचं उत्तर मिळत नाही. ज्यांना ७० दिले ते सगळे जिंकले तर अंदाज करणारा चुकतोय, कारण त्यातले दहातले तीन हरायला हवेत. ही पारख करायला बरेच निकाल लागतात. संसद आणि गव्हर्नरांच्या निवडणुकांत ते मिळतात, राष्ट्राध्यक्षपदात मिळत नाहीत : १९४८पासून २०२४पर्यंत अवघ्या २० निवडणुका झाल्या. म्हणून ७१ आणि ८५ यांतलं जास्त बरोबर काय होतं हे मी ठामपणे सांगणार नाही. ९९चं मात्र सांगतो. शंभरातली एक घटना ज्याच्या नशिबी मोजक्याच निवडणुकांत येते, त्याचं माप बिघडलेलं असण्याचा संशय घेणं योग्यच आहे. ९० टक्क्यांपुढचा कोणताही आकडा दिसला की त्याने राज्यांच्या चुका एकत्र बांधल्यात का, हे मी सर्वात आधी पाहतो.

सट्टाबाजारातल्या भावांचं थोडक्यात : उमेदवार जिंकला तर एक डॉलर देणाऱ्या पावतीचा ६० सेंट भाव म्हणजे ६० टक्के मतं नव्हेत, ती शक्यताच. फरक इतकाच की ती पैसे लावणाऱ्यांनी ठरवलेली असते. मोठी रक्कम घेऊन कोणी उतरला की भाव हलतो, त्यामुळे एका दिवसाच्या उडीला मी महत्त्व देत नाही.

आणि २०२८? ट्रम्प दोनदा निवडून आले आहेत, २२व्या घटनादुरुस्तीनुसार ते पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, त्यामुळे निदान रिपब्लिकन पक्षाकडून तिथे नवा उमेदवार असेल. उमेदवार ठरायच्या आत कोणी डेमोक्रॅट ६५ किंवा रिपब्लिकन ७० असं सांगितलं तर तो बाजारात तुरीचा प्रकार आहे, मी तो आकडा वाचतही नाही. पुढे दोन नावं ठरल्यावर कोणता पक्ष जिंकणार असं मला कोणी विचारलं, तर मी आधी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधली आघाडी पॉइंटमध्ये मागेन. त्यांचे इलेक्टर २०१६ मध्ये ४६ होते, २०२०च्या जनगणनेनंतर ४४ झाले, आणि २०२८लाही तेवढेच राहणार आहेत, कारण नवी वाटणी २०३०च्या जनगणनेनंतर होईल. ती आघाडी तिन्हीकडे २ पॉइंटची निघाली, तर माझं उत्तर असेल : तिथे पुढे असलेला पक्ष, शंभरात साधारण ६५ ते ७० वेळा.

त्या मित्राने परवा मला विचारलं, "मग उरलेल्या ३० वेळांचं काय?" आता तो बरोबर आकड्याकडे पाहतोय.