मसल कारचा फॅक्टरी ओरिजिनल इंजिन बे

अमेरिकेत साधारण 1964 ते 1972 या काळात मोठ्या व्ही8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनांच्या ज्या मसल कार, म्हणजे दणकट ताकदीच्या वेगवान गाड्या, निघाल्या, त्यांचं बॉनेट उघडल्यावर रंग, क्लॅम्प, वायरी, स्टिकर हे सगळं कारखान्यातून निघालं तसंच दिसणं म्हणजे फॅक्टरी ओरिजिनल इंजिन बे. लोकांना वाटतं ओरिजिनल म्हणजे चकाचक, पण असेंब्ली लाइनवर तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता, त्यामुळे खरा ओरिजिनल बे बऱ्यापैकी गबाळाच असतो.

शेव्हरलेचं उदाहरण घ्या. इंजिन जोडून झाल्यावरच त्यावर नारिंगी रंग मारायचे, मग तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरपण (इंजिनचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या भागावर) उडायचा आणि गाडी थोडी चालली की जळून जायचा. शेव्हरलेच्याच 1970 च्या शेव्हेल गाडीत एलएस6 नावाचं इंजिन मिळायचं, त्याच्या ॲल्युमिनियम इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या भागाच्या) कडांवरही नारिंगी शिंतोडे दिसतात, आज जुन्या गाड्यांचं रिस्टोरेशन करणारे तेच शिंतोडे मुद्दाम उडवतात, आहे की नाही गंमत! पॉन्टिॲकचं इंजिन निळं, 1966 पासून फोर्डचंही निळं, पण शेड वेगळी. बेचा रंगपण कंपनीगणिक वेगळा, शेव्हरले आणि फोर्डमध्ये काळा तर डॉज-प्लिमथमध्ये बाहेरचाच, म्हणजे गाडी पिवळी असेल तर आतपण पिवळं. याशिवाय तपासणाऱ्या कामगारांनी खडूने किंवा रंगाने ओढलेल्या खुणा असायच्या, त्या पुढे धुण्यापुसण्यात गेल्या.

सगळ्यात जास्त गायब झालेली वस्तू म्हणजे एअर पंप. प्रदूषणाच्या नियमांसाठी बसवलेला हा पंप पॉवर खातो असं म्हणून मालकांनी काढून फेकला, आता तोच शोधत फिरतात. स्पार्क प्लगच्या वायरींवर तारीख छापलेली असते, 1-क्यू-70 म्हणजे 1970 ची पहिली तिमाही, आणि ती गाडीच्या बिल्ड डेटनंतरची, म्हणजे गाडी बनल्याच्या तारखेनंतरची, निघाली तर वायरी नंतर बदलल्यात हे उघड.

पण खरा पैसा ब्लॉकवरच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरच्या, स्टॅम्पमध्ये आहे, कारण गाडीत मूळचंच इंजिन आहे का ते त्यावरून कळतं. शेव्हरलेत पॅसेंजर साइडला (अमेरिकन गाडीत उजवीकडे) पुढे, हेडच्या म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या खाली एक छोटा सपाट पॅड असतो, तिथे टी0314सीआरव्ही असं असेल तर टी म्हणजे शेव्हरलेचा टोनावांडा इथला इंजिन प्लांट, 0314 म्हणजे 14 मार्च आणि सीआरव्ही म्हणजे फोर-स्पीड शेव्हेलसाठीचं 450 हॉर्सपॉवरचं 454 क्युबिक इंचाचं इंजिन. एवढ्या आठ अक्षरांवर किंमत कुठल्या कुठे जाते म्हणून काही महाभाग पॅड घासून नवीन नंबर ठोकतात, त्यामुळे जाणकार आधी नंबर वाचतच नाहीत, पॅडवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा शिल्लक आहेत का ते टॉर्च मारून बघतात.