टॅक्स बसत नाही, तरी एफडीवर कापला: १५एच आणि १५जी कुणी, कधी, कसा भरायचा

"साहेब, माझ्यावर टॅक्स बसतच नाही, मग कापला कसा?" कोल्हापुरात शाहूपुरी असो की राजारामपुरी, बँकेच्या काउंटरवर पेन्शनरांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तर सोपं आहे. तुमचं एकूण उत्पन्न बँकेला ठाऊक नसतं. तिला दिसतं ते तिच्याकडच्या ठेवींचं व्याज. ते मर्यादेबाहेर गेलं की ती टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच सरकारसाठी बाजूला काढायचा कर, कापते. कापू नये असं वाटत असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, आणि तेच लिहून देणं म्हणजे फॉर्म १५एच किंवा १५जी. खालचे आकडे आणि फॉर्मचे क्रमांक २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना एका बँकेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत व्याज मिळालं तर टीडीएस नाही. साठीच्या आतल्यांना ही मर्यादा ५० हजार. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण व्याजावर १० टक्के कापतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी वाटून ठेवल्या तरी संगणक त्या एकत्रच मोजतो, त्यामुळे ती युक्ती विसरा. पॅन दिलेला नसेल, किंवा आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कपात थेट २० टक्के. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो.

१५एच साठीवरच्या, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीसाठी. अट एकच: वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर निघणारा कर शून्य असावा. आयकर कायद्याच्या कलम ८७ए ची सूट (ठरावीक मर्यादेतल्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी) धरून शून्य झाला तरी चालतो.

समजा, निवृत्त शिक्षक, वय ६४. पेन्शन महिना ३८,०००, म्हणजे वर्षाला ४,५६,०००. बँकेत २२ लाखांची ठेव ७ टक्क्यांनी, व्याज १,५४,०००. बेरीज ६,१०,०००. नव्या करप्रणालीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले ५,३५,०००. चार लाखांपर्यंत कर नाही, वरच्या १,३५,००० वर ५ टक्के म्हणजे ६,७५०, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यानं तेही ८७ए च्या सवलतीत माफ झाले. गुरुजींनी १५एच खुशाल द्यावा. दिला नाही तर १५,४०० रुपये कापले जातील.

१५जी साठीच्या आतल्यांसाठी. हिंदू अविभक्त कुटुंबालाही तो देता येतो, कंपनी किंवा भागीदारी संस्थेला नाही. इथे दुसरी अट येते आणि गडबड तिथेच होते: कर शून्य हवाच, शिवाय वर्षाचं एकूण व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांच्या आत हवं. ५८ वर्षांच्या माणसाचं व्याज ४ लाख २० हजार असेल तर सूट मिळून कर शून्य झाला तरी १५जी देता येत नाही. टीडीएस कापू द्यायचा आणि रिटर्न भरून परत घ्यायचा.

आपल्याकडचा खास प्रश्न ऊसबिलाचा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण इतर उत्पन्न मूळ मर्यादेवर गेलं की कराचा दर ठरवताना ते मिळवून बघतात. ऊसबिल मोठं असेल तर फॉर्मवर सही करण्याआधी सीएला एकदा दाखवा. आणि पतसंस्थेनं टीडीएस कापला नाही म्हणजे ते व्याज करमुक्त झालं असं नाही, बेरजेत तेही धरायचं.

फॉर्मसोबत कागदपत्रांचं बाड लागत नाही. पॅनची झेरॉक्स, ठेवींच्या पावत्या किंवा खाते क्रमांक, आणि बँकेतली जन्मतारीख जुनी चुकलेली असेल तर वयाचा पुरावा. फॉर्ममध्ये दोन रकमा वेगळ्या विचारतात: या बँकेचं अंदाजी व्याज, आणि सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न. इतर बँकांत किती फॉर्म दिले तेही लिहायचं असतं. तो रकाना "निरंक" लिहून मोकळं होण्याची सवय वाईट. ही तुमची घोषणा आहे, खोटी ठरली तर कायद्यात शिक्षा आहे. नेट बँकिंग असेल तर बऱ्याच बँकांत घरबसल्या भरता येतो.

फॉर्म दरवर्षी नवा, प्रत्येक बँकेला वेगळा, आणि शक्यतो एप्रिलमध्येच. पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत पैसे हातात पाच वर्षांनी येतात, पण व्याज दरवर्षी जमा धरून कापतात, म्हणून "माझी एफडी अजून पिकलीच नाही" हे कारण चालत नाही. संयुक्त ठेवीत पहिल्या नावाचा फॉर्म लागतो. आमच्या आत्यांनी फॉर्म दिला पण पोच घेतली नाही. तो कुठल्याशा ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि १,१२,००० व्याजातले ११,२०० गेले. तेव्हापासून आम्ही दोन प्रती नेतो, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय उठत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू. कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. २०२६-२७ पासूनच्या वर्षांसाठी घरातली जुनी झेरॉक्स भरू नका, शाखेत त्या वर्षाचा नमुना मागा.

कापून सरकारजमा झालेला टीडीएस बँक परत देत नाही. फॉर्म २६एएस मध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या कपातीचं पत्रक) रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का ते बघा, ३१ जुलैपर्यंत रिटर्न भरा, परतावा खात्यात येतो. रिटर्न भरल्यावर ई-पडताळणी ३० दिवसांत करायची असते. ती राहिली तर परतावाही राहतो.