सांडपाण्यातील रंग काढणे : राख व पेंड

उद्योगांतून उरलेल्या द्रव्यांवर संस्कार करून त्यांच्याकरवी सांडपाण्यातले कृत्रिम रंग काढून घेण्याची पद्धत. वीज केंद्रांची राख, तेल काढलेली सोयाबीनची पेंड, अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) कारखान्यांतला लाल चिखल ही अशी द्रव्ये. रंगाचे रेणू कणांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळा कृत्रिम रंग तयार केला. पुढे कापडाचे रंग ऊन, साबण, घाम यांना दाद देणार नाहीत असेच घडवले गेले, आणि हा टिकाऊपणाच नदीला भोवतो. जिवाणूंना ते सहजी मोडत नाहीत, पाण्यात शिरणारा उजेड अडतो. सक्रियित कोळसा (खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला) रंग उत्तम धरतो, पण तो महाग. म्हणून टाकाऊ मालाकडे लक्ष गेले.

इंदूरकरांना हा प्रश्न लांबचा नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार या कापड गिरण्यांचे हे शहर. गिरण्या बंद पडल्या, तरी कान्ह नदी (जुन्या लोकांची खान) शहराचे सांडपाणी घेऊन आजही उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. उपायाचा मालही जवळच आहे : मालव्यात सोयाबीन तेलाचे कारखाने आहेत आणि खंडवा जिल्ह्यात २,५२० मेगावॉटचे सिंगाजी वीज केंद्र. भोपाळच्या मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत भट्टीच्या तळाची राख आणि ही पेंड, दोन्हींवर बरेच प्रयोग झाले आहेत.

सारी मदार संस्कारावर असते. राख धुऊन सुमारे २४ तास हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवतात, म्हणजे चिकटलेले सेंद्रिय द्रव्य जळून जाते. मग ती ५०० अंश सेल्सिअसला तापवून चाळतात. पेंडीला एवढी आच सोसत नाही, ती १०० अंशांच्या आसपास वाळवतात. मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या पाण्यात अशी राख घालून बाटली हलवत राहिले, की निळाई उतरत जाते आणि तळाशी निळसर करडा गाळ बसतो. काचेच्या नळीत राख भरून वरून पाणी सोडले, तर रंगाचा पट्टा हळूहळू खाली सरकताना दिसतो. खालून रंगीत थेंब पडू लागला, की राखेची रंग धरण्याची ताकद संपत आली असे समजावे. पाण्याची आम्लता मात्र जपावी लागते : मिथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंग अल्कधर्मी पाण्यात अधिक धरले जातात, ऋणभारित रंग आम्लधर्मी पाण्यात.

पेंडीला ‘टाकाऊ’ म्हणणे मला पटत नाही. बाजारात ती डीओसी (डी-ऑइल्ड केक, म्हणजे तेल काढलेली पेंड) म्हणून विकली जाते, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. फुकटात पडून असते ती राखच. पण राखेतही जड धातू असू शकतात, ते पाण्यात उतरत नाहीत ना हे आधी तपासायला हवे. शिवाय रंग नष्ट झालेला नसतो, फक्त जागा बदलतो. दाहक सोड्याने राख धुतली तर अनेक रंग सुटतात आणि राख पुन्हा वापरता येते, पण हाती दाट रंगीत पाणी उरते आणि त्याचीही सोय लावावी लागते. वापरलेली पेंड वाळवून योग्य भट्टीत जाळता येते. राखेला तोही मार्ग नाही. ती उघड्यावर टाकली, तर पावसात रंग पुन्हा नाल्यात उतरू शकतो.