पाण्यात बुडते तेच खरे सागवान? नाही

तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा सण, जवळ आला की नागपुरात लाकडी बैल घेताना हमखास ऐकू येते: तुकडा पाण्यात टाकून बघा, बुडाला तर अस्सल सागवान. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकूडबाजारात, लाकूड घेतानाही लोक हीच परीक्षा सांगतात. ती उलटी आहे.

नीट वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण 600 ते 700 किलो, पाण्याचे 1000. म्हणजे तो तरंगणारच. ओला, ताजा तोडलेला साग मात्र बुडू शकतो. म्हणूनच ब्रह्मदेशात ओंडके नदीतून वाहून न्यायचे, तर आधी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल काप घेऊन ते जागीच वाळू देत, अन् मगच तोडत. या परीक्षेत पास होईल ते ओले लाकूड, आणि ओल्यात कोरलेला बैल पुढे तडकतो. अंजन या झाडाचे वाळलेले लाकूडही बुडते, पण ते इतके कठीण की पटाशीची, म्हणजे कोरायच्या हत्याराची, धार जाते.

सागाची खूण कापलेल्या टोकावर बघा: दर वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग, हाताला किंचित तेलकटपणा, चामड्यासारखा वास. झाड ओळखायचे तर कोवळे पान चुरगाळा, बोटे लाल होतात.

आणि कोरायला सागच हवा असेही नाही. शिवण या झाडाचे लाकूड हलके, मऊ, नवशिक्याला फार चांगले. हळदूचे पिवळसर लाकूड बारीक, एकसारख्या पोताचे. बैलाचे कान, शिंगे त्यात सुबक निघतात. माझी पसंती हळदूलाच.