पार्श्वभूमी: फोडणीची पोळी किती जुनी?

फोडणीची पोळी कशी करायची हे इथे सांगत बसत नाही. ज्या घरात पोळी होते तिथे ती उरते, आणि उरली की सकाळी तिचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. विदर्भात तिचे कुटके होतात, पुण्याकडे कुस्करा, हल्लीची पोरं नुसतं फोपो म्हणतात. आता काही हॉटेलांच्या पाट्यांवरही ती 'पारंपरिक न्याहारी' म्हणून झळकते. त्यातल्या 'पारंपरिक' या शब्दाशीच माझं थोडं भांडण आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ही पोळी तीनेक पिढ्यांपेक्षा जुनी असेल असं मला वाटत नाही. फोडणीला टाकायला आधी पोळी उरावी लागते, आणि रोज उरावी इतकी पोळी बहुतेक घरांत होतच नव्हती.

देशावर रोजचं अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी, घाटाखाली नाचणी आणि तांदूळ. गहू सणावाराला, पाहुण्यारावळ्याला. शहरातल्या पांढरपेशा घरांत पोळी रोज लाटली जायची हे खरं, पण जुनी पाककृतींची पुस्तकं बहुतेक त्याच घरांतून आली, म्हणून सगळा मुलूख पोळी खात होता असं आपल्याला उगाच वाटत राहतं.

भाकरी आणि पोळी शिळ्या होतात त्याही वेगवेगळ्या तऱ्हेने. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून रात्रीची भाकरी सकाळी कडक होते आणि मोडली की कटकन तुकडा पडतो. तिला ओल हवी: ताक, दूध, नाहीतर रात्रीचं कालवण. पोळी मात्र चिवट होते, ताकात टाकली तर तिचा लगदा. तिला तेल, वाफ आणि विस्तव लागतो. त्यामुळे भाकरीच्या घरातली न्याहारी म्हणजे ताकात कुस्करलेली भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि ठेचा; चूल पेटवायचं कारणच नाही.

ही भाकरी 'उरलेली' नसायचीही. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी, मग गोठा. औताला जाणारा गडी उजाडायच्या आत बाहेर पडायचा, त्याच्यासाठी त्या वेळी चूल कोण पेटवणार? म्हणून रात्रीच दोन भाकऱ्या जास्त थापून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या. कोकणात रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं किंवा सकाळी पेज करायची. गोव्यात तर कालच्या माशाच्या कढीला 'काल्ची कोडी' असं स्वतंत्र नाव आहे. मडक्यात आटवून घट्ट केलेली ती कढी सकाळी पावाबरोबर खाणारा माणूस कुणाच्या उधळपट्टीवर पांघरूण घालत नसतो, कालपासून तिची वाट पाहत असतो.

इथे 'शिळं' या शब्दाचा गुंता सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शिळं हे संस्कृत 'शीतल'चं मराठी रूप. मुळात अर्थ एवढाच, गार झालेलं. शीतला देवीच्या सप्तमीला आपण शिळासप्तमी म्हणतो तेव्हा हा जुना अर्थ अजून जिवंत असतो. श्रावणातल्या त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलं खायचं, आणि घरातल्या सगळ्यात सोवळ्या बाईनेही ते बिनतक्रार खायचं. एरवी मात्र शास्त्राने शिळ्याला नावं ठेवलेली. गीतेच्या सतराव्या अध्यायात 'पर्युषित', म्हणजे रात्र उलटून गेलेलं अन्न, तामसी लोकांच्या आवडीत टाकलं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते वर्ज्य ठरवून लगेच पळवाटही ठेवली आहे: तुपातेलाने माखलेलं शिळं चालतं, आणि जव-गव्हाचे व दुधाचे पदार्थ तर तुपातेलाशिवायही चालतात. ज्वारीचं तिथे नाव नाही. प्रवासाला निघताना दुधात पीठ भिजवून दशम्या करायची रीत याच हिशेबातली. पाण्याऐवजी दूध आलं की ते अन्न खरकटं होत नाही, वाटेत चालतं. भाताला ही सवलत नाही. थोडक्यात, धर्माचा नियम आणि कोठीतला अनुभव इथे बऱ्यापैकी जुळतात, कारण भात खरोखरच लवकर आंबतो.

पण लोकांच्या तोंडी 'शिळं'बरोबर आणखी तीन शब्द येतात. उष्टं म्हणजे कुणाचं तोंड लागलेलं. खरकटं म्हणजे शिजल्या अन्नाचा हात लागलेलं. उरलेलं म्हणजे नुसतं जास्त झालेलं. घरात हे चारही शब्द नीट वेगळे राहतात. अन्न उंबरठ्याबाहेर गेलं की मात्र ते एकमेकांत मिसळतात. आपल्या पानातली रात्रीची भाकरी ती न्याहारी, दारात उभ्या असलेल्याच्या पदरात पडलेली तीच भाकरी शिळंपाकं. गावगाड्यात येसकर, म्हणजे वेशीची राखण करणारा महार, संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी गोळा करायचा. ती भीक नव्हती, वर्षभराच्या राबणुकीचा तो मोबदला होता. पण देणाऱ्याचा हात मोबदला देतो आहे असं कधी दिसायचं नाही. वरून टाकलेला तो तुकडाच असायचा.

1927 साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महाडच्या परिषदेत अस्पृश्यांना मेलेल्या जनावराचं मांस आणि हे शिळे-उष्टे तुकडे सोडा असं बजावण्यात आलं, तेव्हा तो निर्णय पोटाला परवडणारा नव्हता. भाकरी नाकारली तर काम नाकारल्यासारखं, आणि गावाचा रोष वर. घराघरांत त्यावरून वाद झाले असणार, विशेषतः ज्या बाईला रात्री पोरांपुढे काहीतरी वाढायचं होतं तिच्याशी. म्हणूनच 'पूर्वी लोक शिळं किती आवडीने खायचे' हे कौतुक मला अर्धवट वाटतं. फ्रिजमधला तीन दिवसांचा डबा कामाच्या मावशींना देणारं आणि ते देण्याला काटकसर म्हणणारं घर आजही शोधायला लांब जावं लागत नाही.

असो. गव्हाकडे वळू.

मुंबईत रेशन सुरू झालं 1943 साली, युद्धकाळात. तिथून पुढे दोन पिढ्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजेल हे बऱ्याच अंशी दुकानातल्या पाटीवर ठरू लागलं. 1956 मध्ये अमेरिकेशी पीएल-480 या तिकडच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली करार झाला आणि गहू बोटीने येऊ लागला. 1965 ची लढाई आणि लागोपाठ दोन वर्षं पावसाने दिलेला दगा, यात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एका वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. पुढे कितीतरी घरांत सोमवारचा उपास चालू राहिला, त्यातला किती शंकराचा आणि किती सरकारचा हे घरच्यांनाही सांगता येईना. 1966 साली देशात बाहेरून आलेलं धान्य सुमारे 1 कोटी टन होतं. त्यात मोठा भाग गव्हाचा.

ज्या घरात गहू सणाला यायचा तिथे तो आता कार्डावर यायचा. बायकांनी तो निवडला, पाखडला, गिरणीतून आणला आणि भाकरीच्या हाताने लाटायला घेतला. पहिल्या पिढीच्या त्या पोळ्या जाड आणि कडेला कच्च्या असायच्या असं आमच्या घरातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, आणि सांगताना आपल्या सासूचं नाव घ्यायच्या.

त्याच सुमारास ज्वारीही बदलली. 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक भरघोस, सरकारच्या दृष्टीने यश. तव्यापाशी बसलेल्या बाईला मात्र कुणी विचारलं नाही. हायब्रीडची भाकरी गरम असेपर्यंत ठीक, संध्याकाळपर्यंत तिचा पत्रा. खरिपात कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडायचा तो वेगळाच. सोलापूरकडच्या मालदांडीची भाकरी दुसऱ्या दिवशीही दुमडते, आणि या गुणाची किंमत कुठल्या उत्पादनाच्या तक्त्यात धरली जात नव्हती. शिळी भाकरी खाणारं घर ज्वारीपासून दूर का गेलं याचं एक कारण मला इथे दिसतं. गहू स्वस्त झाला हे तर आहेच. पण भाकरीही रात्र काढेनाशी झाली.

मग 1972. दुष्काळाची हकिगत इथे पुन्हा सांगत नाही. 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, एवढं लक्षात असू द्यावं. कामावर सुकडी नावाचं पौष्टिक कोरडं खाणं वाटलं जायचं आणि रेशनवर यायचा मिलो, म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात ही बातमी मिलोच्या आधी गावात पोचली होती, आणि ती खोटीही नव्हती. मिलोची भाकरी थापताना कडेला चिरायची, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळायचं. तरी तव्यावर टाकताना निम्मी हातात राहायची. रंग विटकरीसारखा. मुंबईत बायका याच काळात थाळ्या-लाटणी वाजवत महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. या सगळ्या पिढीला अन्न टाकणं जमत नाही. पातेल्याला पाणी लावून ते हलवून पिणारी माणसं मी पाहिली आहेत. कोंड्याचा मांडा करणं हा त्यांच्या भाषेत वाक्प्रचार नव्हता.

फोडणीला तेल लागतं, तेही या काळात सहज मिळत नव्हतं. सत्तरीच्या शेवटी रेशनवर पामतेल येऊ लागलं. थंडीत ते डब्यात गोठायचं, वासाला नावं ठेवली जायची, पण दिवाळीच्या रांगेत सगळे असायचे. माझ्या हिशेबाने फोडणीची पोळी घरोघर रुळली ती या दोन रांगांमुळे, आधी गव्हाची आणि मग तेलाची. तिसरी गोष्ट घड्याळाची. दहा-पाचची नोकरी आणि सकाळची शाळा आल्यावर ताक-भाकरीची न्याहारी मागे पडली आणि 'नाश्ता' नावाचं काहीतरी गरम, पोट भरणारं, पंधरा मिनिटांत व्हावं अशी अपेक्षा तयार झाली. विदर्भातली उकडपेंडी, भाजणीचं थालीपीठ, सांजा हे त्यातले मानकरी. थालीपिठाला तर कालचं वरण, भाजी, मूठभर भात काहीही पोटात घालून घ्यायची सोय आहे. पण भाजणी संपली असेल, रवा महाग असेल, तर दुरडीतल्या पोळ्या होत्याच.

रॉकेलच्या स्टोव्हवर आई ती करायची तशी अजून डोळ्यांसमोर आहे. सहा पोळ्या, सहा माणसं. पोळी हातानेच कुस्करायची, मिक्सर तेव्हा नव्हता आणि नंतर आला तरी तिने वापरला नाही. भुगा होतो म्हणायची. तुकडे नखाएवढे, थोडे मोठे, थोडे चुऱ्याचे. चुऱ्याने फोडणी धरते आणि मोठ्या तुकड्याने दाताला काम मिळतं. फोडणीत शेंगदाणे मोजून, म्हणजे खरोखर मोजून. मग ताकाचा हबका, वर ताटली, ताटलीवर पाणी. स्टोव्ह बंद करून पाच मिनिटं तशीच. रॉकेलही कार्डावरच होतं. कढईच्या बुडाची खरपूड कुणाला मिळणार यावरून आम्हा भावंडांत पाळ्या लावलेल्या होत्या.

फ्रिजने यातलं बरंच बदललं. देशी बनावटीचा पहिला फ्रिज 1958 चा, पण मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात तो पोचायला पुढची वीस-तीस वर्षं गेली. जाळीचं कपाट आणि शिंकं होतं तेव्हा शिळ्याला मुदत होती. सकाळी संपलं नाही तर गाईला. फ्रिजमध्ये ती मुदतच गेली. आता शिळं होत नाही, नुसतं मागच्या बाजूला सरकत जातं.

भाताबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणीला टाकला की निर्धास्त, ही समजूत चुकीची आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात, त्यांचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेलं एक विष परतल्यानेही जात नाही. भात उरला तर लवकर गार करून फ्रिजमध्ये. दुसऱ्या बाजूला, गार झालेल्या भात-पोळीतला काही स्टार्च पचायला जड होतो आणि साखर सावकाश चढते, हेही खरं आहे. त्यावरून शिळी पोळी दुधात खाल्ल्याने मधुमेह बरा होतो असे जे निरोप सकाळी सकाळी फोनवर येतात, ते मात्र पोळीवर फार ओझं टाकतात.

आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात सकाळी फोडणीची पोळी मिळते आणि नऊपर्यंत संपते. इतक्या पोळ्या रोज उरतात कशा, असं मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उरतात कुठल्या, रात्री चाळीस जास्तीच्या लाटते आणि फडक्यात गुंडाळून ठेवते.