एक द्रव संपतो, दुसरा परत जातो

रंगाच्या दुकानात थिनरचा डबा उघडला की नाकात जो वास शिरतो, तो बरेचदा टोल्युईनचा. मिथेनॉल मात्र आपल्याला पेपरातून माहीत: 2015 साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा त्या दारूत निघालं ते हेच. हल्ली ही दोन्ही रसायनं 'द्रवापासून हायड्रोजन' या एकाच मथळ्याखाली येतात. टाकीत द्रव, पुढे तापवलेली नळी, नळीत उत्प्रेरकाच्या (अभिक्रिया घडवून आणणाऱ्या, पण स्वतः न संपणाऱ्या पदार्थाच्या) गोळ्या, पलीकडून हायड्रोजन. आकृती काढली तर दोन्हींची सारखीच येईल, आणि घोळ तिथेच होतो.

फरक सांगायचा तर स्वयंपाकघरातूनच सांगता येईल. मिथेनॉल म्हणजे शेगडीतला कोळसा: वापरला, संपला. टोल्युईन म्हणजे गॅसचा सिलिंडर: रिकामा परत दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर हायड्रोजन वागवायला अवघड म्हणून. गाडीच्या टाकीत तो 700 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 700 पट) दाबाने कोंबावा लागतो, नाहीतर उणे 253 अंशांना नेऊन द्रव करावा लागतो. त्यापेक्षा साध्या टँकरमधून जाईल अशा एखाद्या द्रवात तो बांधून नेला तर? इथपर्यंत दोन्ही पद्धतींचं एकमत आहे.

आधी मिथेनॉल. त्याची आणि पाण्याची वाफ करून 200 ते 300 अंशांना तांबं, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) यांच्या गोळ्यांवरून सोडतात. या गोळ्या पिशवीतून येतात तेव्हा काळ्या कुळकुळीत असतात, कारण त्यांतलं तांबं ऑक्साइडच्या रूपात असतं. रिअॅक्टरमध्ये भरल्यावर पातळ केलेला हायड्रोजन हळूहळू सोडून ते ऑक्साइड मोडावं लागतं. इथे घाई केली तर तापमान उसळतं, तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि उत्प्रेरक पहिल्याच दिवशी म्हातारा होतो. एकदा तयार झालेल्या गोळ्या तशाच हवेत काढल्या तर त्या आपसूक तापायला लागतात. याच जातीच्या गोळ्यांवर उलट्या दिशेने मिथेनॉल तयारही करतात. कमी दाबाची ती पद्धत ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने 1966 साली चालू केली.

या अभिक्रियेतली मला आवडणारी गोष्ट अशी की निघणाऱ्या हायड्रोजनपैकी एक तृतीयांश मिथेनॉलचा नसतोच, तो पाण्याचा असतो. मिथेनॉलच्या एका रेणूत हायड्रोजनचे चार अणू, पाण्याच्या रेणूत दोन, मिळून तीन रेणू हायड्रोजन. म्हणून 1 किलो हायड्रोजनला मिथेनॉल जेमतेम 5.3 किलो लागतं, वर 3 किलो पाणी. आणि बाहेर पडतो 7.3 किलो कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे 'धूर नाही' असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं, मिथेनॉल कशाचं? आपल्याकडचं बरंचसं आयात होतं आणि मुळात नैसर्गिक वायूपासून बनलेलं असतं.

वर कार्बन मोनॉक्साइडची कटकट आहेच. वायूत तो टक्काभर निघतो, आणि गाडीतल्या फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) प्लॅटिनमला त्याचे दहा लाखांत दहा-वीस भागसुद्धा सोसत नाहीत. म्हणून मागे शुद्धीकरणाची वेगळी सोय करावी लागते. फॉस्फोरिक अॅसिडचा फ्युएल सेल जास्त तापमानाला चालतो, त्यामुळे तो याबाबतीत पुष्कळ सोशिक. अंबरनाथच्या डीआरडीओच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी बनवलेला सेल याच जातीचा आहे.

आता टोल्युईन. त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या षट्कोनी कड्यात हायड्रोजन भरला की त्याचं मिथाइलसायक्लोहेक्झेन होतं. हा झाला भरलेला सिलिंडर. पोहोचल्यावर त्याची वाफ 350 ते 400 अंशांना अॅल्युमिनावर शिंपलेल्या प्लॅटिनमवरून नेली की हायड्रोजन सुटतो आणि टोल्युईन जसंच्या तसं उरतं. पाणी नको, कार्बन डायऑक्साइडही नाही. टोल्युईन 110 अंशांना उकळतं, त्यामुळे वायू थंड केला की ते आपोआप खाली जमतं.

इथे उत्प्रेरकाचं काम मात्र जास्त नाजूक आहे. मिथेनॉलच्या रेणूत कार्बन एकच, तो तुटला फुटला तरी काही बिघडत नाही. टोल्युईनच्या कड्याला मात्र हातही लावायचा नाही. फुलाची एकही पाकळी न तोडता वरचे दवबिंदू उचलायचे, असं हे काम. प्लॅटिनमला ते जमतं म्हणून तर ते महागडं प्लॅटिनम. तरीही अधूनमधून एखादं कडं फुटतं, कार्बनचा काळा थर धातूवर बसतो, आणि प्रत्येक फेरीला थोडं टोल्युईन वरून घालावं लागतं.

ओझंही बघा. 1 किलो हायड्रोजनसाठी 16.2 किलो मिथाइलसायक्लोहेक्झेन न्यायचं आणि 15.2 किलो टोल्युईन परत आणायचं! टँकर जाताना भरलेला, येतानाही भरलेलाच.

जपानच्या चियोडा कंपनीने भागीदारांसोबत हे प्रत्यक्ष करून पाहिलं. ब्रुनेईत टोल्युईनमध्ये हायड्रोजन भरायचा, जहाजाने कावासाकीला न्यायचा, तिथे सोडवून टोल्युईन परत पाठवायचं. 2020 मध्ये तिथला हायड्रोजन गॅस टर्बाईनला मिळाला. योजना होती वर्षाला 210 टनांची. गंमत म्हणजे हा हायड्रोजनही नैसर्गिक वायूपासूनच काढलेला होता. म्हणजे सिलिंडर परत येतो म्हणून आतला माल आपोआप स्वच्छ ठरत नाही, आणि बातम्यांतून नेमकी हीच ओळ गळते.

खरी अडचण उष्णतेची. हायड्रोजन सोडवायला जेवढी उष्णता लागते ती त्या हायड्रोजनच्या स्वतःच्या ऊर्जेच्या चौथाईहून जास्त भरते, तीही 350 अंशांच्या वरची. गाडीतल्या फ्युएल सेलची फुकट जाणारी उष्णता 80 अंशांच्या आसपास, म्हणजे इथे काही कामाची नाही. टर्बाईनचा गरम एक्झॉस्ट किंवा रिफायनरी शेजारी असेल तर निभावतं. भरताना तेवढीच उष्णता बाहेरही पडते म्हणा, पण ती मिळते ब्रुनेईत आणि हवी असते कावासाकीत.