जुन्या फोर बाय फोरचा रंग विटलाय की सुटलाय?

वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या फोर बाय फोरचं, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीचं, बॉनेट आणि टप पांढुरके पडले की आपण सरसकट म्हणतो, ‘रंग गेला’. पण नेमकं काय गेलं, हे आधी पाहायला हवं. एका प्रकारात रबिंग कंपाउंडने (वरचा थर किंचित घासून काढणाऱ्या पेस्टने) मूळ रंग पुन्हा उजळतो. दुसऱ्यात तेच कंपाउंड उरलासुरला रंगही घालवतं.

पहिला प्रकार सिंगल स्टेज रंगाचा. जुन्या गाड्यांच्या साध्या, मेटॅलिक नसलेल्या छटांमध्ये तो हमखास सापडतो. इथे रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन एकाच थरात असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटतं, रंगद्रव्य मोकळं होतं आणि खडूसारखी भुकटी वर येते. खालचा थर मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो.

दुसरा प्रकार बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, आणि त्यावरच्या पारदर्शक क्लिअर कोटचा. १९८०च्या दशकापासून ही पद्धत रूढ होत गेली, आणि मेटॅलिक रंग असेल तर बहुधा हाच. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. उन्हाने तो धुरकट, ठिसूळ होतो, खालची पकड सोडतो आणि पोपडे निघू लागतात. जंगलातल्या फांद्यांचे खोल ओरखडे असतील तर तिथूनही सुरुवात होते.

ओळखायचं कसं? गाडी धुऊन वाळू द्या आणि कोरडं, गडद कापड पांढुरक्या भागावर घासा. गाडीचा रंग कापडाला लागला तर सिंगल स्टेज. मग डागाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं, कड जाणवली, तर क्लिअर कोट सुटलाय. ओल्या गाडीवर मात्र कधीच निवाडा करू नका. पाण्याने दोन्ही रंग क्षणभर गडद आणि निरोगी दिसतात, आणि जुनी गाडी विकत घेणारे नेमके इथेच फसतात.

भुकटीचा रंग असेल तर क्ले बारने (मऊ मातीसारख्या वडीने) चिकटलेली घाण काढा, एका कोपऱ्यात कंपाउंड वापरून पाहा, मग पॉलिश आणि शेवटी वॅक्स. घासायचं पॅड भुकटीने लवकर भरतं, ते सतत साफ करा. या गाड्यांना धारदार कडा भरपूर आणि कडेवर रंग सर्वांत पातळ, म्हणून तिथे मास्किंग टेप हवीच. वॅक्स पुन्हापुन्हा लावत राहावं लागतं, नाहीतर भुकटी परत येते.

क्लिअर कोट नुसता धुरकट असून घट्ट असेल, तर हलकं पॉलिश चालतं. जेवढा घासाल तेवढं त्याचं पुढचं आयुष्य घटतं, एवढं लक्षात ठेवा. पोपडे निघाले असतील तर मात्र कुठलंही पॉलिश उपयोगी नाही. सुटलेला थर पॉलिश पेपरने घट्ट कडेपर्यंत काढायचा, बेस विटला असेल तर तोही मारायचा आणि अख्ख्या पॅनेलवर नवा क्लिअर द्यायचा. स्प्रे कॅनने तेवढाच डाग झाकला तर त्याची सीमा कायम दिसत राहते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. हे काम पेंट बूथ असलेल्या पेंटरकडेच द्या.

अख्खी गाडी रंगवण्याची गरज सहसा नसते. ऊन झेलतात ते टप आणि बॉनेट. उभ्या बाजू बऱ्याचदा नुसत्या पॉलिशने उजळतात. शक्य असेल तिथे कारखान्यातून आलेला मूळ रंगच राखावा, असं माझं ठाम मत आहे.